किनारा कोणाचा? बार्बाडोसच्या वाळूवरची सुट्टी



२९ जून २०२४ ची रात्र आठवते ना? बडोद्यात असा, बेळगावात असा, इंदूरला, हैदराबादला नाहीतर दिल्लीला, आपण सगळे त्या रात्री जागे होतो. बार्बाडोस बेटावर ब्रिजटाऊनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर सूर्यकुमारनं सीमारेषेवर तो झेल घेतला आणि विश्वचषक आपला झाला. दुसऱ्या दिवशी मात्र बातमी बदलली. बेरिल नावाचं चक्रीवादळ बेटाच्या दिशेनं येत होतं. विमानतळ बंद झाला आणि आपला संघ, सोबतची बायकामुलं, पत्रकार, सगळे हॉटेलात अडकले. शेवटी खास विमान पाठवावं लागलं. ४ जुलैला सकाळी मंडळी दिल्लीत उतरली आणि संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर काय झालं ते सांगायला नको.

आज क्रिकेट नाही. आज त्या बेटाच्या वाळूबद्दल बोलायचं आहे. कॅरिबियन बेट म्हटलं की डोळ्यांपुढे एकच चित्र येतं. पांढरी वाळू, निळं पाणी, नारळाची सावली, आईवडील खुर्चीत आडवे आणि पोरं वाळूचा किल्ला करतायत. हे चित्र आपल्याला इतकं सवयीचं झालंय, की ते अनादि काळापासून असंच असेल असं वाटतं. पण ते मुळीच तसं नाही. हे चित्र तयार केलं गेलं, तेही फार अलीकडे. आणि ते तयार करताना, त्या वाळूवर कुणाचं कुटुंब बसणार आणि कुणाचं नाही, हेही ठरवलं गेलं.

आधी बेट समजून घेऊ. बार्बाडोस म्हणजे सुमारे ४३० चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास मुंबई महापालिकेच्या हद्दीएवढं. उत्तर-दक्षिण ३४ किलोमीटर आणि रुंदी जास्तीत जास्त २३. बहुतेक बेट पोवळ्याच्या चुनखडीचं आहे, म्हणून तिथली वाळू पांढरी. या वाळूचा एक कारागीर फार मजेशीर आहे, पॅरटफिश. पोपटासारखी चोच असलेला हा मासा शेवाळासाठी मेलेलं पोवळं कुरतडतो, ते घशातल्या दातांनी दळतो आणि न पचलेला भुगा मागच्या बाजूनं सोडून देतो. तीच पुढे किनाऱ्यावर येते. हनिमूनच्या फोटोंत दिसणारी ती शुभ्र वाळू म्हणजे काही अंशी माशाची विष्ठा आहे. असो.

इंग्रज इथे १६२७ मध्ये वस्तीला आले, पश्चिम किनाऱ्यावर, आज ज्याला होलटाऊन म्हणतात तिथे. १६४० च्या दशकात ऊस आला आणि दोनतीन दशकांत जंगल जवळजवळ संपलं. इंच न् इंच जमीन उसाखाली गेली. आफ्रिकेतून माणसं आणून गुलाम म्हणून राबवली गेली. १६६१ मध्ये इथेच गुलामांविषयीचा सर्वंकष कायदा झाला, आणि इतर इंग्रज वसाहतींनी त्याचा कित्ता गिरवला. या सगळ्यात समुद्रकिनाऱ्याची किंमत काय होती? जवळजवळ शून्य. वाळूत ऊस येत नाही. किनारा म्हणजे साखरेची पिंपं चढवायची, माणसं उतरवायची आणि तोफा रोखायची जागा. मळेवाल्याचं घर आत, उंचावर, वारा येईल अशा ठिकाणी असायचं.

त्यात किनाऱ्यावर मँचिनील नावाचं झाड. दिसायला साधं, फळ छोट्या हिरव्या सफरचंदासारखं, पण चीक असा जहाल की अंगावर पडला तर फोड येतात. पावसात या झाडाखाली उभं राहिलात तर पानांवरून गळणाऱ्या पाण्यानंही कातडी भाजते. आजही बार्बाडोसमध्ये अशा झाडांच्या खोडावर लाल पट्टा रंगवलेला दिसतो.

मग इथे तब्येतीसाठी, हवापालटासाठी माणसं कधी यायला लागली? एक गोष्ट सांगतो, आणि तीही एका कुटुंबाचीच आहे. १७५१ च्या नोव्हेंबरमध्ये व्हर्जिनियातून दोन सावत्र भाऊ जहाजानं बार्बाडोसला आले. थोरला लॉरेन्स, त्याला क्षय झालेला. उबदार हवेनं बरं वाटेल असं त्याला सांगितलं होतं. सोबतीला धाकटा, वय वर्षं १९. नाव जॉर्ज वॉशिंग्टन. होय, तेच. पुढे अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेले वॉशिंग्टन आयुष्यात एकदाच आजच्या अमेरिकेच्या भूमीबाहेर गेले, ते इथे.

भावांनी ब्रिजटाऊनजवळ क्रॉफ्टन नावाच्या कॅप्टनचं घर महिना १५ पौंडांनी भाड्यानं घेतलं. दारू आणि धुणं वेगळं. घरातून समुद्र दिसायचा. पण त्यांची सुट्टी आजच्यासारखी नव्हती. उन्हात पडून राहणं हा त्या काळात वेडेपणा होता. लॉरेन्सनं पत्रात तक्रार केली आहे की ऊन इतकं कडक, की भल्या पहाटे किंवा संध्याकाळीच बाहेर पडता येतं, आणि तेच ते दृश्य पाहून कंटाळा येतो. जॉर्जला मात्र बेट आवडलं. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा इथे नाटक पाहिलं, अननस खाल्ला आणि तो त्याला फार आवडला. एका व्यापाऱ्याकडून जेवणाचं बोलावणं आलं. त्या घरात देवी आल्या होत्या. भाऊ जरा कचरले, पण गेले. दोनएक आठवड्यांत जॉर्ज देवीनं आडवा झाला. जवळजवळ महिनाभर अंथरुणावर होता, मग उठला. चेहऱ्यावर वण राहिले, पण शरीराला कायमचं संरक्षण मिळालं. पुढे अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात देवीनं सैन्य पोखरायला सुरुवात केली, तेव्हा १७७७ मध्ये याच माणसानं आपल्या सैनिकांना देवी टोचायचा हुकूम दिला. आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो लॉरेन्स? तो इथून बर्म्युडाला गेला, बरं वाटेना म्हणून घरी परतला आणि १७५२ च्या जुलैत वारला. ब्रिजटाऊनमधलं ते घर आज संग्रहालय आहे.

ही गोष्ट मी जरा रमून सांगितली, कारण तीत एक गोष्ट स्पष्ट दिसते. सुट्टीसाठी बेटावर यायचं ते हवेसाठी, वाळूसाठी नाही. वाळू अजून कुणालाच नको होती.

नको होती असं म्हणतो, ते भाड्याचं घर परवडणाऱ्यांबद्दल. १८३४ मध्ये गुलामगिरी कायद्यानं संपली, १८३८ मध्ये सक्तीची उमेदवारीही संपली. माणूस मोकळा झाला, पण जाणार कुठे? जमैका मोठं बेट, डोंगर आहेत, तिथे सुटलेली माणसं आत जाऊन स्वतःचा वाफा करू शकली. मळ्यांना मजूर कमी पडले आणि म्हणून हिंदुस्थानातून गिरमिटिये आणले गेले. ‘ब्लंडेल हंटर’ नावाचं जहाज १० मे १८४५ ला जमैकाच्या ओल्ड हार्बर बे इथे लागलं. त्यात उत्तर हिंदुस्थानातली माणसं जास्त. वेस्ट इंडिजकडची भरती प्रामुख्यानं कलकत्ता आणि मद्रास बंदरांतून झाली, त्यामुळे मराठी माणूस त्या वाटेनं फारसा गेला नाही. आपलं या बेटांशी नातं जुळलं ते पुढे क्रिकेटमुळे. त्यातही बार्बाडोसशी अक्षरशः रक्ताचं. १९६२ मध्ये केन्सिंग्टन ओव्हलवरच ग्रिफिथचा चेंडू नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्यात बसला, तेव्हा रक्त देणाऱ्यांत वेस्ट इंडिजचा कर्णधार फ्रँक वॉरेल होता आणि आपले बापू नाडकर्णी, चंदू बोर्डे, पॉली उम्रीगर होते.

बार्बाडोसमध्ये गिरमिटिये आले नाहीत, कारण गरजच पडली नाही. सगळी जमीन मळ्यांची, मोकळा झालेला माणूस मळ्यावरच अडकलेला. तो घर बांधायचा ते लाकडाचं, नुसत्या दगडांवर टेकवलेलं. मालकानं हुसकावलं तर फळ्या सुट्या करायच्या, गाडीवर घालायच्या आणि दुसरीकडे नेऊन उभ्या करायच्या. अशी घरं आजही बेटावर दिसतात, पर्यटक त्यांचे रंगीत फोटो काढतात. अशा माणसाला मोकळा श्वास घ्यायला एकच जागा होती, आणि ती म्हणजे मळेवाल्याला नको असलेली वाळू. तिथे होड्या आल्या, जाळी आली, उडणारे मासे पकडायचा धंदा आला. रविवारी पहाटे सगळं घर समुद्रात डुंबायला जायचं. बार्बाडोसची म्हातारी माणसं अजून सूर्य वर यायच्या आत समुद्रात जातात, गळाभर पाण्यात उभी राहून गप्पा मारतात. म्हणजे बघा, कॅरिबियन किनाऱ्यावरची कौटुंबिक सुट्टी ही पर्यटकांची कल्पना म्हणायची, तर तीही खरी नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वाफेची जहाजं आली आणि गणित बदलायला लागलं. जमैकात लोरेंझो डो बेकर नावाचा अमेरिकन कप्तान केळी घेऊन बोस्टनकडे जायचा. केळी नेणारी जहाजं येताना रिकामी का आणायची? म्हणून त्यातून थंडीनं गारठलेले अमेरिकन पाहुणे यायला लागले आणि पोर्ट अँटोनियोला त्याच्याच कंपनीचं हॉटेल झालं. १८९० मध्ये जमैकाच्या सरकारनं हॉटेलं बांधायला उत्तेजन देणारा कायदाच केला. बार्बाडोसच्या आग्नेय किनाऱ्यावर कड्यावरचं ‘क्रेन’ हॉटेल १८८७ चं, ते अजून चालू आहे. तरी पिवळ्या तापाची धास्ती होतीच. हा ताप डासांमुळे होतो हे क्युबात १९०० मध्ये सिद्ध झालं, आणि मग गोऱ्या पाहुण्यांच्या मनातली ही भीती गेली.

त्यानंतर वाळूला हळूहळू भाव आला. जमैकात माँटेगो बे इथल्या एका डॉक्टरनं १९०६ मध्ये आपली किनाऱ्याची जागा पोहण्याच्या क्लबला दिली. ‘डॉक्टर्स केव्ह’ म्हणून ती प्रसिद्ध झाली. १९२० च्या दशकात एका इंग्रज हाडवैद्यानं तिथल्या पाण्यानं माणसं बरी होतात असं लिहिलं आणि रीघ लागली. त्याच सुमारास युरोपात रापलेली कातडी फॅशन झाली. लॉरेन्स वॉशिंग्टनला जे ऊन छळत होतं, तेच आता पैसे मोजून घ्यायची वस्तू झालं. १९३८ मध्ये ब्रिटनमध्ये पगारी रजेचा कायदा झाला, युद्धानंतर कामगार-कारकुनांच्या घरांतही वर्षातून एक सुट्टी आली, आणि १९६० च्या दशकात जेट विमानांनी बेटं काही तासांवर आणली. बार्बाडोसच्या पश्चिम किनाऱ्यावर, होलटाऊनच्या जवळच, रोनाल्ड ट्री या ब्रिटिश राजकारण्यानं १९६१ मध्ये ‘सँडी लेन’ हॉटेल उघडलं. जिथे पहिले इंग्रज उतरले, त्याच किनारपट्टीला आता ‘प्लॅटिनम कोस्ट’ म्हणतात. १९७० च्या दशकात पर्यटनानं साखरेला मागे टाकलं. तीनशे वर्षं कुणी न विचारलेली वाळू ही बेटावरची सगळ्यात महाग जमीन झाली.

इथे गोष्ट कायद्याकडे वळते. कायदा रुक्ष असतो, पण या कायद्यातला एक शब्द मला सोडवत नाही.

इंग्लंडमध्ये १८२१ साली एक खटला झाला, ब्लंडेल विरुद्ध कॅटरॉल. समुद्रात आंघोळ करायला किनारा ओलांडून जायचा जनतेला सर्वसाधारण हक्क आहे का? कोर्ट म्हणालं, नाही. मासेमारीचा आणि जहाजाचा हक्क वेगळा, आंघोळीचा नाही. ही विचारसरणी वसाहतींत गेली. जमैकात १९५६ मध्ये, स्वातंत्र्याच्या सहा वर्षं आधी, बीच कंट्रोल अ‍ॅक्ट आला. किनाऱ्याची ओली पट्टी आणि समुद्राचा तळ राजसत्तेचा, आणि त्यावर कुणाचाही हक्क फक्त या कायद्यातून मिळेल तेवढाच. आधीपासून मासेमारी करणाऱ्यांना सवलत ठेवली. आणि आणखी कुणाला? किनाऱ्यालगतच्या जमिनीचा मालक, त्याच्या कुटुंबातली माणसं आणि त्याचे खासगी पाहुणे, यांना आंघोळीसाठी आणि करमणुकीसाठी.

कुटुंब. हा तो शब्द. कायद्यात तो आहे, फक्त तो मालकाच्या कुटुंबापुरता आहे. ज्याची लगत जमीन नाही, त्याचं कुटुंब कायद्याच्या दृष्टीनं किनाऱ्यावर नाहीच. बरं, लगतची जमीन घेणार कोण? हॉटेलं. एकदा कुंपण पडलं, फाटक लागलं, रखवालदार आला, की गावातल्या माणसानं बापजाद्यांपासून ज्या पाण्यात पोहणं शिकलं, तिथे जायला तिकीट काढायचं किंवा मनाई सोसायची. आज जमैकात अनेक चांगल्या किनाऱ्यांवर जायला पैसे पडतात. पाच जणांच्या घरानं एका रविवारसाठी ते मोजायचे म्हणजे आठवड्याचा हिशेब कोलमडतो. किनारा हा जन्मसिद्ध हक्क आहे असं म्हणत तिथे चळवळ उभी राहिली आहे, पिढ्यान् पिढ्यांच्या वहिवाटीचा आधार घेऊन लोक कोर्टात गेले आहेत. वहिवाट म्हणजे काय, हे कोकणात बांधावरून भांडलेल्या माणसाला समजावून सांगायला नको!

वाळूला किती भाव आला होता पाहा. जमैकातच २००८ मध्ये ट्रेलॉनी परगण्यातल्या एका बांधकामाधीन रिसॉर्टच्या किनाऱ्यावरची वाळूच चोरीला गेली. सुमारे ५०० ट्रक! एवढी वाळू खिशात घालून कुणी नेत नाही.

बार्बाडोसची वाट वेगळी गेली. तिथे सगळे किनारे सार्वजनिक मानले जातात. सँडी लेनच्या खुर्च्यांच्या पुढून कुणीही चालत जाऊ शकतो. हे आपोआप टिकलं नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हॉटेलांसमोरचा किनारा खासगी करावा असा सूर पर्यटन मंडळाच्या अध्यक्षांनी लावला. त्यांचं नाव होतं जॅक. तेव्हा ‘मायटी गॅबी’ नावाच्या कॅलिप्सो गायकानं १९८२ मध्ये गाणं केलं, नाव ‘जॅक’. विषय एवढाच, की माझ्या देशाच्या समुद्रात मला मनाई करणारा तू कोण. गाणं गल्लोगल्ली वाजलं. आपल्याकडे शाहिरानं फडावर एखाद्या अंमलदाराला नाव घेऊन धुवावं, तसला प्रकार. प्रस्ताव बारगळला.

पण कायद्यानं किनारा आपला असला तरी तिथे पोचायची वाट लागते ना! हॉटेलं, बंगले आणि उंच इमारती एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या, तर पश्चिम किनाऱ्याच्या रस्त्यावरून जाणाऱ्या बसमधल्या माणसाला मैलोन्‌मैल समुद्र दिसत नाही. म्हणून तिथे ‘समुद्राच्या खिडक्या’ हा शब्द रुळला, म्हणजे दोन इमारतींमधल्या मोकळ्या फटी, ज्यांतून रस्त्यावरच्या माणसाला पाणी दिसतं आणि खाली उतरता येतं. प्रत्येक फटीसाठी भांडावं लागतं.

आता पर्यटक कुटुंबाची बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा माणूस कुणाची सुट्टी गोड होऊ देत नाही. ‘सगळं धरून’ हॉटेलांची पद्धत, म्हणजे एकदा पैसे भरले की खाणंपिणं, खेळ, सगळं त्यातच, ही मुलं असलेल्या घराला सोयीचीच आहे. हिशेब आधीच ठरतो, पोरगं चौथं आइस्क्रीम मागतं तेव्हा आईच्या कपाळाला आठी पडत नाही. पण मनगटावर पट्टा बांधला की त्या कुटुंबाला बाहेर पडायचं कारणच उरत नाही. गावातल्या खानावळीत कुणी जात नाही. जमैकातल्या काही हॉटेलांत प्रत्येक कुटुंबामागे मुलं सांभाळायला एक स्थानिक बाई देतात. ती दिवसभर पाहुण्यांच्या मुलांबरोबर वाळूत खेळते. तिची स्वतःची मुलं त्या वाळूवर येऊ शकतात का, हा प्रश्न त्या १९५६ च्या कायद्याला विचारायचा.

बेरिलकडे परत येऊ. वादळ १ जुलैला बार्बाडोसच्या दक्षिणेकडून गेलं. बेटाला थेट तडाखा बसला नाही, पण लाटा प्रचंड उसळल्या. हॉटेलं उभी राहिली, आपला संघ सुखरूप परतला. मोडल्या त्या ब्रिजटाऊनच्या आणि दक्षिण किनाऱ्याच्या मच्छीमारांच्या बोटी. कित्येक धक्क्यावर आपटून फुटल्या, बुडाल्या. ज्यांचे पणजोबा मळेवाल्याला नको असलेल्या वाळूवर येऊन बसले होते, त्यांच्या बोटी. तिथल्या एक डॉलरच्या नाण्यावर उडणारा मासा आहे.

तुमच्यापैकी कुणी तिकडे जाणार असेल, मुलंबाळं घेऊन, तर जरूर जा. एक दिवस लवकर उठा आणि ब्रिजटाऊनजवळच्या पेबल्स बीचवर जा. शेजारच्या गॅरिसन मैदानातले शर्यतीचे घोडे पहाटे तिथे समुद्रात अंघोळीला आणतात, पोरं खूश होतील. आजूबाजूला म्हातारी माणसं गळाभर पाण्यात उभी असतील, त्यांना ‘गुड मॉर्निंग’ म्हणा, तिथे न बोलता पुढे जाणं उद्धटपणाचं समजतात. आणि लाल पट्ट्याच्या झाडाखाली बसू नका, पाऊस आला तर मुळीच नाही.

पुढच्या भागात त्रिनिदादला जाऊ. तोपर्यंत नमस्कार.